पुठ्ठ्यातलं गाव

नदी उतरली तेव्हा सैदापेटच्या गल्लीत घोटाभर गाळ उरला होता. तुळजाजीरावांच्या घरात पाणी कमरेपर्यंत चढलं होतं, त्याची तपकिरी रेघ चारी भिंतींवर उमटली होती. सरोजानं दोन दिवस खराट्यानं गाळ लोटला. पुठ्ठ्याचे गठ्ठे पावासारखे फुगले होते, ते तिनं गोणपाटात घालून बाहेर नेऊन टाकले. पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा गंजून घट्ट बसला होता. तुळजाजी उंबऱ्यापाशी उकिडवे बसून त्याच्या मळसूत्राला तेल लावत होते आणि मळसूत्र हलत नव्हतं.

तशात अड्यारच्या सेमिनरीतून माणूस आला. तिथं पाद्री होऊ घातलेली मुलं शिकत. तळघरातल्या ग्रंथालयात पाणी शिरलं होतं आणि युरोपातून आलेली तीनचारशे वर्षांपूर्वीची पुस्तकं भिजली होती. यंत्रावर पुस्तकं बांधणारे शहरात ढिगानं होते, पण दुमडलेल्या पानांचे फर्मे हातानं शिवणारं जोडपं हेच, असं फादरांना कुणीतरी सांगितलं होतं.

माणूस गेल्यावर तुळजाजी म्हणाले, "पाद्र्यांचें काम."

"काम तें काम," सरोजा म्हणाली. "शिकंजा त्यांच्याकडे हाय म्हणतो. आपला तर बसला."

तुळजाजी पुन्हा मळसूत्राला तेल लावू लागले. सोमवारी सकाळी मात्र दाभणं, सुया, हाडाची पट्टी आणि मेणाचा गोळा फडक्यात बांधून ते दाराशी उभे राहिले.

पाद्री म्हटलं की तुळजाजींच्या कपाळाची शीर का उठते, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची एकुलती मुलगी कीर्तना नुंगंबाक्कमच्या एका ऑफिसात कामाला होती. तिथं तिला अमलन भेटला. चार वर्षांपूर्वी तिनं चर्चमध्ये डोक्यावर पाणी घेतलं, ख्रिस्ती झाली आणि मग त्याच्याशी लग्न केलं. लग्न लावून ती दारात आली तेव्हा तुळजाजी ओरडले नाहीत. खळ ढवळता ढवळताच म्हणाले, "ज्या दिवशीं आमच्या देवापुढें परत दिवा लावशील, त्या दिवशीं ये. तोंवर मी थांबतों." ती गेली. नवऱ्याला गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात नोकरी लागली आणि बिऱ्हाड तिकडं गेलं. तुळजाजी थांबले. सरोजालाही थांबावं लागलं.

तीन महिन्यांपूर्वी कीर्तनाला मुलगी झाली. सातव्या महिन्यात लेकीला बांगड्या सरोजानं भरल्या नाहीत, बाळंतपणाला लेक माहेरी आली नाही. तरी दिवस जवळ आले तसं सरोजानं सुंठ, पिंपळी, गूळ, तूप घालून बाळंतिणीचं लेहियम शिजवलं. ते पाठवणार कुणाबरोबर? बरणी फळीवर राहिली. मग रोज सकाळी एकेक चमचा ती स्वतःच खाऊ लागली. पंचावन्न वर्षांची बाई, कोरड्या अंगाची, बाळंतिणीचं औषध खात होती. तुळजाजी ते रोज पाहत.

सेमिनरीच्या पुढच्या फाटकाशी पहारेकऱ्यानं त्यांच्या फडक्याकडे पाहिलं आणि मागच्या बाजूला बोट केलं. मागचं फाटक स्वयंपाकघराजवळ होतं. तिथून भाज्यांची देठं ओलांडून ते आत गेले. सभागृहात टेबलांवर, बाकांवर, जमिनीवर पुस्तकं उघडी मांडली होती आणि दहा पंखे फिरत होते. ओल्या चामड्याचा, बुरशीचा वास येत होता, मेलेल्या उंदरासारखा.

ग्रंथालय फादर इन्नासींच्या ताब्यात होतं. साठी ओलांडलेले, ठेंगणे गृहस्थ. तमिळमध्ये म्हणाले, "अय्या, जेवढं वाचेल तेवढं वाचवा. दुपारचं जेवण इथंच घ्या."

"आम्ही आणलें हाय," तुळजाजी तमिळमध्येच म्हणाले. पाण्याची बाटलीसुद्धा त्यांनी घरून आणली होती.

काम सुरू झालं. तुळजाजी चामडं सोडवत, पुस्तकाच्या पाठीवरची जुनी सरसाची खपली ओल्या फडक्यानं मऊ करून खरवडत. सरोजा मांडी घालून फर्मे सुटे करी. जुना दोरा कापायचा, पण कागद ओढायचा नाही. ओला कागद मढ्याच्या कातडीसारखा असतो, ओढला की येतो. एकेक पान टिपकागदात ठेवायचं, वर लाकडी फळी ठेवायची. दुपारपर्यंत तिची कंबर धरली. मोरचूद घातलेल्या खळीनं बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या, त्या झोंबू लागल्या.

सभागृहाच्या कोपऱ्यात एक मुलगी संगणकावर पुस्तकांची यादी करत होती. संयुक्ता तिचं नाव, पुण्याची. जुन्या युरोपातल्या धर्माच्या भांडणांवर ती काहीतरी मोठं लिहीत होती. नवराबायकोचं बोलणं कानावर पडलं तशी ती उठून आली.

"काकू, तुम्ही मराठी बोलता?"

"आमचें तंजावरचें मराठी," सरोजा हसून म्हणाली. "तुज कळतें की?"

"कळतं की. माझ्या पणजीच्या पत्रांसारखं वाटतं."

संयुक्ता त्या दिवसापासून डबा घेऊन सरोजाजवळ बसू लागली. तुळजाजी पाठ करून जेवत.

मंगळवारी सरोजाच्या फोनवर निरोप आला. तो ऐकायला ती न्हाणीघराच्या आडोशाला गेली. कीर्तनाचा आवाज होता. "अम्मा, रविवारीं चर्चांत बाळाचें पाणी हाय. सकाळीं आठाला. अप्पा येणार नाहींत, ठाऊक हाय. तूं तरी ये." मागं बाळाचं कुरकुरणं ऐकू येत होतं. सरोजानं निरोप चार वेळा ऐकला, शब्दांसाठी नव्हे, त्या कुरकुरीसाठी. परत येऊन सुईत दोरा ओवू लागली तर नेढं सापडेना.

"काय झालें?" तुळजाजींनी विचारलं.

"कांहीं नाहीं. डोळ्यांत पाणी येतें, मोरचुदानें."

बुधवारी एक जाडजूड लॅटिन पुस्तक तुळजाजींच्या हाताखाली आलं. त्याचा पुढचा पुठ्ठा भिजून सुटला होता. हल्लीच्या पुठ्ठ्यासारखा तो एकजीव नव्हता, रद्दी कागद एकावर एक चिकटवून केलेला होता. पाण्यानं त्याचे पदर पापडासारखे उलगडले होते आणि प्रत्येक पदरावर तपकिरी शाईत लिहिलेलं दिसत होतं.

"रद्दी," तुळजाजी म्हणाले. "नवा पुठ्ठा घालूं." त्यांनी तो टोपलीत टाकायला हात उचलला.

"काका, थांबा," संयुक्ता धावत आली. तिनं पदर उजेडाकडे धरला. बराच वेळ तिचे ओठ नुसते हलत राहिले. मग ती फादर इन्नासींना बोलावून घेऊन आली. ते दोघं वाकून बघू लागले, तशी तुळजाजींची सुरी थांबली. रद्दीकडे कुणी एवढं बघतं हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"काय हाय गं तें?" सरोजानं विचारलं.

"गावाची यादी आहे, काकू. जर्मनमध्ये. डॅन्यूब नावाच्या नदीकाठचं गाव. चारशे वर्षांपूर्वीचं."

"यादी कशाची?"

संयुक्तानं जमिनीवर बसून सांगितलं. तिथला राजा कॅथलिक होता. गावातली बरीच माणसं येशूलाच मानणारी, पण दुसऱ्या पंथाची झाली होती. पोपला मानत नव्हती, प्रार्थना आपल्या भाषेत म्हणत होती. राजानं हुकूम काढला. ईस्टरच्या सणाच्या आत चर्चमध्ये या, पापं कबूल करा, आमच्या हातून प्रसाद घ्या. नाहीतर घरदार विकून मुलूख सोडा. मग अधिकारी घरोघर फिरले. कोण आलं, कोण नाही आलं, कोण काय म्हणालं, हे लिहून घेतलं. ती ही यादी. पुढं तिची गरज सरली आणि ती रद्दीत गेली.

"एकच देव असून?" सरोजा म्हणाली.

"एकच देव असून."

फादर इन्नासी चष्मा पुसत होते. सरोजाला तमिळमध्ये म्हणाले, "अम्मा, त्याच काळात आमची कॅथलिक माणसं स्वतःला सुधारत होती. पाद्री शिकलेला असावा, लाच खाऊ नये, गरिबाच्या पोराला शाळा मिळावी, म्हणून खपत होती. ही शाळा त्यांच्यामुळंच उभी आहे. आणि याद्यासुद्धा त्यांनीच केल्या. तीच माणसं." ते चष्मा डोळ्यांवर चढवून निघून गेले.

मग दोन दिवस तेच चाललं. तुळजाजी वाफेवर एकेक पदर सोडवत, सरोजा तो टिपकागदावर झेलत असे आणि संयुक्ता वाचत असे. कातडी कमावणारा मार्टिन, आला. पाववाला योर्ग, आला, पण रडला असं लिहिलंय. दोर वळणारी म्हातारी, म्हणाली मी मरायला टेकलेय, मला आता कशाला विचारता. तुळजाजी मान खाली घालून काम करत होते, पण संयुक्ता थांबली की त्यांचाही हात थांबत होता.

गुरुवारी दुपारी ती म्हणाली, "काका, हे बघा. पुस्तकं बांधणारा हान्स."

"म्हणजे आमच्याच धंद्याचा," तुळजाजी म्हणाले. चार दिवसांत ते तिच्याशी पहिल्यांदाच बोलले.

"हान्स आला नाही. नदीपलीकडे दुसऱ्या मुलखात गेला. बायको मागं राहिली. बार्बरा." संयुक्ता बोट फिरवत वाचू लागली. "बार्बराला विचारलं. म्हणाली, नवरा परत येईपर्यंत थांबते, तो सांगेल तसं करीन. मुदत दिली."

"मग?"

"हे दुसऱ्या वेळचं. पुन्हा विचारलं. तेच म्हणाली. मुलगी नऊ वर्षांची. तिला आपल्या पंथाच्या शाळेत घातलं आहे. मुलगी नव्या प्रार्थना नीट म्हणते." संयुक्तानं पान उजेडाकडे केलं. "तिसऱ्यांदा विचारलं. बार्बरा म्हणाली, की..."

"काय म्हणाली?"

"पुढं नाहीये, काकू. कापलंय."

तुळजाजींनी पान हातात घेतलं. कडेवर अंगठा फिरवला. "पुठ्ठ्याच्या मापानें छाटलें हाय. धारदार सुरी. एका हातांत कापलें, अडखळला नाहीं." ते जरा थांबून म्हणाले, "त्याला वाचतां येत नसेल. मीं तरी किती कापलें असेल, कोणास ठाऊक."

सरोजाच्या मांडीवर फर्मा तसाच पडून होता. ती त्या कापलेल्या कडेकडे पाहत होती. बाई काहीतरी म्हणाली होती, कुणीतरी ते ऐकून लिहिलंही होतं. तिची मुलगी शेजारच्याच शाळेत दुसऱ्या प्रार्थना म्हणत होती आणि ती दारात उभी राहून नदीकडे बघत होती. तो परत आला का? तो येईपर्यंत पोर किती वाढली? एवढं थांबून तिला काय मिळालं?

शुक्रवारी जेवायच्या वेळी संयुक्ता नव्हती. दोघं मागच्या अंगणात, शेवग्याच्या झाडाखाली बसली होती. सरोजानं दहीभात पानावर वाढला आणि म्हणाली, "रविवारीं बाळाचें पाणी हाय."

तुळजाजींचा घास हातातच राहिला. "तुज कोणीं सांगितलें?"

"कीर्तनानें. मी जाईन म्हणत्यें."

"मीं तिजला सांगितलें होतें."

"तुम्ही तिजला सांगितलें. मजला कोणीं विचारलें?"

"तिनें आपले देव सोडले, सरोजा."

"सोडले. आणि आपण तिजला सोडलें. आतां बाळालाही सोडावें की?"

त्यांनी भात कालवला, पण खाल्ला नाही. मागच्या स्वयंपाकघरातली बाई दारात येऊन उभी राहिली. फादरांनी पाठवलेल्या रसमची वाटी तिच्या हातात होती. तुळजाजींनी मान हलवून नको म्हटलं. बाई वाटी घेऊन तशीच परत गेली. तिची पावलं दुखावल्यासारखी वाजली. सरोजाला लाज वाटली.

त्याच संध्याकाळी निघताना तुळजाजी फादर इन्नासींच्या खोलीशी थबकले. सरोजा मागं होती.

"फादर, एक विचारूं?"

"विचारा, अय्या."

"डोक्यावर पाणी घातलें, तें परत काढतां येतें की?"

फादर इन्नासींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "येत नाही."

तुळजाजींनी मान डोलवली आणि मागच्या फाटकानं बाहेर पडले. बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत राहिले. आपला थांबा आला तरी उठेनात. सरोजानं त्यांचा दंड धरून उठवलं.

शनिवारी ते तिच्या आधीच निघून गेले. सरोजा पोचली तेव्हा त्याच लॅटिन पुस्तकाचा मागचा पुठ्ठा त्यांच्यापुढं होता. मागचा पुठ्ठा पाण्यात गेला नव्हता, अखंड होता. त्याला हात लावायची गरजच नव्हती.

"हा कशास उघडला?"

"फादरांना विचारूनच उघडला." ते वर न बघता म्हणाले. "एकाच बांधणाऱ्याचें काम. उरलेलीं पानें त्यानें इकडे घातलीं असतील."

दिवसभर ते त्या पुठ्ठ्यावर बसले. वाफ धरायची, हाडाची पट्टी तिरकी सरकवायची, पदर केसभर उचलायचा आणि पुन्हा वाफ धरायची. पंखा बंद ठेवला होता. घाम नाकावरून ओघळून पानावर पडू नये म्हणून त्यांनी कपाळाला फडकं बांधलं होतं. साठीतल्या माणसाचे हात, सकाळी चहाचा पेला धरताना थरथरायचे, पण पट्टी धरली की स्थिर होत. सरोजा आपलं शिवण शिवत त्यांच्याकडे बघत होती. एवढ्या मायेनं त्यांनी आजवर कुठल्या पुस्तकाला हात लावला नव्हता. एक पदर सुटला की संयुक्ता तो बघे आणि मान हलवे. हे प्रवचन आहे. हेही प्रवचनच. हे कोरं आहे.

चार वाजता शेवटचा पदर सुटला.

"नाही काका," संयुक्ता हळू म्हणाली. "बार्बरा नाही यात."

तुळजाजींनी पट्टी पुसून फडक्यात ठेवली. मग दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले.

सरोजा त्यांच्याजवळ सरकली. "मी उद्यां सकाळीं जात्यें," ती म्हणाली. "तुम्ही येतां की?"

त्यांनी सुया मोजून फडक्यात बांधल्या.

रविवारी उजाडताच ती निघाली. तुळजाजी भिंतीकडे तोंड करून निजले होते. ते जागे होते, हे तिला त्यांच्या श्वासावरून कळलं. तिनं चहा झाकून ठेवला आणि दार ओढून घेतलं. सेंट्रल स्टेशनजवळच्या लहान फलाटावरून गुम्मिडिपूंडीची गाडी सुटली. सुट्टीचा दिवस, डबा रिकामा होता. तिच्या पिशवीत धुऊन मऊ झालेल्या तिच्या जुन्या सुती साडीची चार दुपटी होती. पाणथळ, मिठागरं, मग कारखान्यांच्या भिंती मागं सरत होत्या. मुलगी आपल्याला बिलगेल की परक्या बाईसारखं या म्हणेल?

चर्च पत्र्याच्या छताचं, कामगारांच्या वस्तीतलं होतं. सरोजानं चपला बाहेर काढल्या आणि मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. पुढच्या ओळीतून कीर्तनानं वळून पाहिलं. चार वर्षांत तिचा चेहरा भरला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं. ती सगळ्यांसमोरून उठून मागं आली. तिनं वाकून नमस्कार केला नाही, गळ्यातही पडली नाही. बाळ सरोजाच्या हातात दिलं आणि तिच्या खांद्यावर कपाळ टेकून उभी राहिली.

तिच्या सासूनं, फिलोमिनाअम्मानं, पुढच्या बाकावर जागा केली. "या विहीणबाई, बसा," ती तमिळमध्ये म्हणाली. "तुमच्याशिवाय सुरू करू नका म्हणून मी फादरांना सांगितलं होतं."

पाद्र्यानं बाळाच्या टाळूवर तीनदा पाणी घातलं. सरोजानं मन घट्ट करून ठेवलं होतं, आत काहीतरी तुटेल म्हणून. पण बाळ गार पाण्यानं दचकून रडलं, एवढंच झालं. सरोजानं पदर पुढं करून तिचं डोकं टिपलं. टाळू मऊ होती आणि बोटाखाली धडधडत होती.

बिऱ्हाड दोन खोल्यांचं होतं. जेवणं झाली, माणसं पांगली. सरोजानं पितळी पातेल्यात पाणी गरम केलं, पाय लांब केले आणि बाळाला नडग्यांवर घेऊन तेल लावलं. अंगठ्यानं पाठ रगडली, हात छातीशी ओढले. तिच्या हाताला हे सगळं अजून येत होतं. बाळ आधी रडलं, मग गप्प होऊन तिच्याकडे बघू लागलं. कीर्तना भिंतीला टेकून बघत होती.

"अम्मा, आज जाणार की?"

बाळाला साडीच्या दुपट्यात गुंडाळून सरोजानं लेकीच्या मांडीवर दिलं, हात पुसले आणि फोन घेऊन दारात गेली.

पहिल्याच घंटेला तुळजाजींनी उचलला.

"जेवलांत की?" तिनं विचारलं.

"भात केला. गिचका झाला."

"मी इथें राहत्यें. बाळाला कोणी न्हाऊ घालायला नाहीं. कीर्तनाची सासू कारखान्यांत जाते."

पलीकडून तुळजाजींनी विचारलं, "फर्मे कोण शिवील?"

"तुम्ही शिवा. तुम्हींच शिकवलेंत मजला."

"कधीं येशील?"

"मी येत नाहीं," सरोजा म्हणाली. "मी आतां तुमच्यासारखी थांबणार नाहीं, आणि एकटी परतही येणार नाहीं. तुम्ही या न्यायला. आंत या, पाणी प्या, बाळाला मांडीवर घ्या. मग जाऊं."

तिला वाटलं, फोन ठेवला. पण त्यांचा श्वास ऐकू येत होता, सकाळसारखाच. तिकडं गल्लीत कुणीतरी गाळ खरवडत होतं, तो आवाजही येत होता.

शेवटी तुळजाजी म्हणाले, "गाडी कितीला हाय?"

सरोजाला ठाऊक नव्हतं. तिनं फोन तसाच धरून मागं वळून विचारलं, "सेंट्रलवरून इकडे गाडी कितीला गं?"

कीर्तना बाळाला पाजत होती. तिनं घड्याळाकडे पाहिलं नाही, फोनमध्येही बघितलं नाही. खाली मान घालून ती एकामागून एक सांगू लागली. दुपारची, त्याच्या पुढची, संध्याकाळच्या दोन, रविवारी कुठली सुटत नाही, कुठली मधल्या स्टेशनांवर थांबत नाही. चार वर्षांत तिकडून येणाऱ्या सगळ्या गाड्या तिला पाठ झाल्या होत्या.